शेवटच्या बाकावर दोघं

३ फेब्रुवारी

दादा,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे लगेच उघडणार नाहीस, हे मी धरूनच चालले आहे. दोन दिवस टेबलावर पडू दे. पण तिसऱ्या दिवशी तरी वाच.

बाबा आजारी आहेत. पोटात गाठ होती, ती आता यकृतापर्यंत गेली आहे. डॉक्टरीणबाई सरळ बोलणाऱ्या आहेत. म्हणाल्या, "उन्हाळा निघाला तर नशीब समजा." बाबांनी त्यांना विचारलं, "हातातल्या सात कवळ्या पूर्ण होतील का?" त्या म्हणाल्या, "तुमच्या मुलीला सांगा." त्यामुळे आता कारखाना, म्हणजे आपली मागची खोली, पूर्ण माझ्याकडे आहे. प्लास्टरचे साचे, गुलाबी मेण, पॉलिशचं चाक, सगळं जिथल्या तिथे. साच्यांवर अजूनही फक्त आकडे लिहितो, नावं नाहीत. गावात कोणाच्या तोंडात खरे दात आहेत आणि कोणाच्या नाहीत, हे आपल्या घराबाहेर जाता कामा नये, हा बाबांचा नियम तुला माहीतच आहे.

हे मी फक्त कळवायला लिहिते आहे. ये म्हणत नाही. आई गेली तेव्हा तू आलास, दफनभूमीच्या भिंतीपाशी उभा राहिलास आणि मातीची मूठ टाकून परत गेलास. तसं पुन्हा नको.

एक गोष्ट सांगायची आहे. गेल्या रविवारी बाबा म्हणाले, "मला ख्रिस्तप्रसाद घ्यायचा आहे." चौदा वर्षांनी. मी नव्या फादरना बोलावलं. तुझ्याहून लहान आहेत, सायकलवर येतात. ते तासभर बसले आणि शेवटी म्हणाले, "काका, फ्रीमेसनांची ती लॉज, ती गुप्त बंधुसभा, सोडावी लागेल. मेसन राहून प्रसाद घेता येत नाही. हे मी ठरवलेलं नाही, पण मला ते पटतं, म्हणून तुम्हाला खोटा धीर देणार नाही."

बाबा म्हणाले, "मग राहू दे."

ते गेल्यावर बाबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. मला तो रविवार आठवला. तुलाही आठवत असेलच, पण मला लिहिल्याशिवाय राहवत नाही. बाबा वेदीपाशी रांगेत उभे, आई त्यांच्या मागे, मी तिच्या मागे. आपल्या तेव्हाच्या थोरल्या फादरनी बाबांपर्यंत येऊन हात मागे घेतला, वाकून कानात काहीतरी सांगितलं आणि सरळ आईकडे गेले. बाबा तोंड उघडं ठेवून तसेच उभे. थोरल्या फादरना वरची कवळी बाबांनीच करून दिली होती. आदल्या दिवशी त्यांनी बाबांना भेटायला बोलावलं होतं, आणि बाबांना वाटलं, कवळी टोचत असेल, सोमवारी बघू. गेले असते तर जे सांगायचं ते चार भिंतींत सांगितलं गेलं असतं.

घरी येऊन त्यांनी तुला विचारलं, "तूच सांगितलंस ना?" दोनच आठवड्यांपूर्वी सुट्टीवर आलेला तू बुटाचं पॉलिश शोधताना त्यांच्या कपाटातली काळी बॅग उघडली होतीस आणि त्यांनी तुला लॉजचं ते पांढरं कातडी एप्रन हातात धरलेलं पकडलं होतं. "शपथ घे, कोणाला सांगणार नाहीस." तू म्हणालास, "शपथ घेणार नाही. सांगणारही नाही." मी तेव्हा स्वयंपाकघरात होते.

आणि मग त्या रविवारी तू काहीच बोलला नाहीस. नाही म्हणाला असतास तरी चाललं असतं. तू बॅग भरलीस आणि सेमिनरीत परत गेलास. तुझ्या धर्मगुरूपदाच्या दीक्षेला आई एकटी आली.

इतकंच.

तुझी धाकटी


१९ फेब्रुवारी

दादा,

तुझं पत्र मिळालं. चार ओळी. "बाबांना मला काही सांगायचं असेल तर त्यांनी लिहावं." हाताला कंप सुटलेला माणूस काय लिहिणार? पण तुझं बरोबर आहे. रागवायचा मला हक्क नाही. का नाही, ते विचारू नकोस.

मला हल्ली एका जागी बसवत नाही. चाकावर कवळी धरते, अर्ध्यात उठते, बाबांच्या खोलीत जाते, उशी सारखी करते, परत येते. काल एका खालच्या कवळीचा दात पार झिजवून टाकला. बाबांनी आतूनच आवाजावरून ओळखलं. "कारागीर," ते म्हणाले, "चाक ओरडतंय. लक्ष कुठे आहे?"

दर गुरुवारी लिफ्टवाले काका, लिफ्ट चालवायचे ते, येतात, बाबांची दाढी करायला. तुला ते आठवतात का? आई आठ महिने मनोरुग्णालयात होती, बाळ गेल्यानंतर. मी सात वर्षांची, तू अकराचा. तेव्हा आपल्याला शाळेत सोडायला आळीपाळीने माणसं यायची, त्यांतले ते एक. माझ्या वेण्या ते इतक्या घट्ट घालायचे की माझ्या भुवया वर चढायच्या. आपल्याला सांगितलेलं, बाबांचे मित्र आहेत. त्या माणसांपैकी एकही चर्चमधला नव्हता, सगळे लॉजमधले होते, हे मला फार उशिरा कळलं. चर्चमधून थोरले फादर एकदा आले, प्रार्थना केली, ही देवाची परीक्षा आहे म्हणाले आणि गेले. शेजारणी दारातूनच चौकशी करायच्या. वेड जणू स्पर्शानेही लागतं ना, म्हणून.

आज मी काकांना विचारलं, "तुम्ही त्या चपलांच्या दुकानावरच्या हॉलमध्ये खिडक्या लावून करता तरी काय?"

काका वस्तऱ्याला धार लावत म्हणाले, "गुपित एवढंच आहे पोरी, की गुपित फारसं नाही. उठतो, बसतो, जुनी वाक्यं म्हणतो. कोणाची बायको आजारी, कोणाचं पोर नापास, ते बघतो."

"मग शपथ कशाला?"

काकांनी बाबांच्या गालाला साबण लावायला घेतला. तेवढ्यात नवे फादर आले. मला वाटलं, आता जुंपणार. पण फादरनी काकांशी हात मिळवला आणि स्टूल ओढून बसले. मी चहा केला नाही, मुद्दाम दारात उभी राहिले, कारण मला ऐकायचं होतं.

फादर म्हणाले, "काका, तुम्ही माणसं वाईट आहात असं चर्च म्हणत नाही. निदान मी तरी म्हणत नाही. पण डोळ्यांवर पट्टी बांधून, पुढे काय आहे हे माहीत नसताना, देवाचं नाव घेऊन शपथ घ्यायची, ही देवाची चेष्टा होते. आणि दुसरं. तिथे तुम्ही सगळे मिळून ज्याला विश्वाचा शिल्पकार म्हणता, तो कोण? प्रत्येकाने आपापला समजायचा. ज्याने ख्रिस्ताला आपला प्रभू म्हटलं, त्याने दर गुरुवारी त्याचं नाव दाराबाहेर ठेवून आत जायचं?"

"बाहेर कोणी ठेवलं?" बाबा म्हणाले. अर्ध्या गालावर साबण तसाच. "माझी जपमाळ खिशात असायची."

"खिशातच ना?" फादर म्हणाले. "ओठांवर आणता येत नव्हती."

बाबा म्हणाले, "फादर, माझी बायको दवाखान्यात होती तेव्हा माझ्या पोरांना डबा कोणी दिला, ते तुम्ही विचारत नाही."

फादर म्हणाले, "विचारायला हवं. आम्ही तेव्हा कुठे होतो, हे आम्हाला विचारायला हवं. पण आम्ही चुकलो म्हणून ती शपथ बरोबर होत नाही."

काकांनी उरलेला गाल केला आणि वस्तरा पुसला. जाताना दारात मला म्हणाले, "माणूस चांगला आहे तुमचा फादर. पण माझा मित्र मला सोडून मरणार असेल, तर त्यात मला कोणीच चांगला वाटत नाही."

दादा, दोघांचंही बरोबर वाटलं की झोप लागत नाही बघ.

धाकटी


४ मार्च

दादा,

आज जे झालं ते तुला सांगितल्यावाचून मला दुसरं काही करता येणार नाही.

दुपारी बाबांनी हाक मारली. "कागद घे. त्याला लिहायचं आहे." मी कागद घेतला. ते सांगू लागले, "लिही. तू मला फादरांच्या हवाली केलंस. तुझ्या जागी मी असतो, तुझ्या शिकवणीत वाढलो असतो, तर कदाचित मीही केलं असतं. मी तुला माफ केलं आहे. ये."

माझ्या हातून तारीख लिहून झाली. पुढे पेन हललं नाही.

"लिहिलंस?"

"हो," म्हटलं.

"वाच."

मी ते शब्द न लिहिता तोंडपाठ म्हणून दाखवले. ते समाधानाने डोळे मिटून म्हणाले, "तू होतीस म्हणून मी ही वर्षं काढली. सगळे प्रसादाला उठायचे आणि तू माझ्याशेजारी शेवटच्या बाकावर बसून राहायचीस. बापासाठी कोणी एवढं करत नाही."

दादा, बाबांच्या लॉजबद्दल सांगितलं ते मी, पत्र लिहून. थोरल्या फादरना, निनावी.

लिहून टाकलं. आता खोडणार नाही.

स्वयंपाकघरात मी तुमचं सगळं ऐकलं होतं. मी एकवीस वर्षांची होते. चर्चच्या फळीवर एक पत्रक असायचं, लॉजमध्ये जाणारा गंभीर पापात असतो, असं त्यात होतं. मला वाटलं, बाबा असेच मेले तर? फादर त्यांना बोलावतील, हळू समजावतील, बाबा सोडतील, कोणाला कळणारही नाही. हे खरं आहे. पण हे अर्धंच. मी चौदाव्या वर्षापासून त्यांच्या बाकावर बसून मेण तापवत आले होते. तुला त्यांनी शिकायला पाठवलं आणि मला ठेवून घेतलं, त्याचा मला अभिमान होता, कारण मला वाटायचं, माझ्यापासून त्यांचं काही लपलेलं नाही. आणि त्या दिवशी कळलं की एक अख्खं घर आहे, जिथे ते दर गुरुवारी जातात आणि तिथे मला दार नाही. तुला निदान बॅग तरी सापडली. मला काहीच नाही. मी रागानेही लिहिलं, दादा. कुठला भाग किती, ते मला आजही सांगता येत नाही.

नंतर मी थोरल्या फादरकडे पापनिवेदनाला गेले. ते म्हणाले, "हे मला नको, तुझ्या वडिलांना सांग. सांगितल्यावर ये." मी सांगितलं नाही, म्हणून परत गेले नाही. पापक्षमा नाही, म्हणून प्रसादही घेतला नाही. मी बाबांसाठी बसत नव्हते. मला उठता येत नव्हतं. आणि ते चौदा वर्षं माझा हात थोपटत राहिले.

हे तुला आधी सांगते आहे, कारण तुला सांगणं सोपं आहे. तू लांब आहेस.

धाकटी


१२ मार्च

दादा,

सांगितलं.

सोमवारी सकाळी. त्यांचं अंग पुसून झालं होतं, स्वच्छ शर्ट घातला होता. मी पायथ्याशी बसले. म्हटलं, "बाबा, दादाने सांगितलं नव्हतं. मी पत्र लिहिलं होतं."

त्यांना आधी कळलंच नाही. "कुठलं पत्र?"

"थोरल्या फादरना. लॉजबद्दल. तुमच्या पापाच्या भीतीने, आणि तिथे मला दार नव्हतं, त्या रागानेही."

ते माझ्याकडे बघत राहिले. मी वाट बघत होते की ओरडतील. त्यांनी विचारलं, "तुझ्या आईला माहीत होतं?"

"नाही."

"आणि त्याला?"

"नाही. मागच्या आठवड्यात मी लिहून कळवलं."

"म्हणजे मी चुकीच्या पोराशी अबोला धरला," ते म्हणाले. नंतर म्हणाले, "जा, काम कर."

तीन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. दूध द्यायला गेले की डोळे मिटायचे. मी सातांतल्या उरलेल्या कवळ्या तीन दिवसांत संपवल्या, कधी जेवले, कधी नाही ते आठवत नाही. आज गुरुवार. लिफ्टवाले काका आले, माझं तोंड बघितलं, आत गेले आणि दार लावून घेतलं. बाबांचा आवाज वाढला, मग काकांचा. काका बाहेर आले तेव्हा त्यांच्या बाहीवर साबण होता.

मला म्हणाले, "त्याला म्हटलं, तू आणि मी रात्रंदिवस एकमेकांना बंधू म्हणतो आणि घरातली पोरगी स्वतःला दार नाही म्हणून तडफडली, ते आपल्याला दिसलं नाही. चूक तिची आहे. पण दार आपलं होतं."

बाबांनी मला बोलावलं. "कागद घे," म्हणाले. "आणि या वेळी खरोखर लिही."

सोबतचा कागद तोच. त्यात एकच ओळ आहे, त्यात माफ केलं असं नाही, माफ कर असं आहे. सही त्यांनी स्वतः केली, तिला दहा मिनिटं लागली.

त्यानंतर दुसरा कागद घ्यायला लावला. लॉजचा राजीनामा. नव्या फादरना काल त्यांनी विचारलं होतं म्हणे, मला न सांगता: "सोडलं तर तिथली गुपितं सांगावी लागतील? त्यांना वाईट म्हणावं लागेल?" फादर म्हणाले, "नाही. सोडायचं, आणि जे देवाच्या आड आलं त्याबद्दल मनापासून वाईट वाटून घ्यायचं. माणसांबद्दल नाही." बाबा म्हणाले, "मग जमेल. खिशातली जपमाळ मला कधीकधी जड व्हायची, हे मी कोणाला सांगितलं नव्हतं."

राजीनामा त्यांनी काकांच्याच हातात दिला. काकांनी वाचला, घडी केली, पुन्हा उघडून वाचला. "शुद्धलेखन पोरीचं आहे," म्हणाले. एवढंच. त्यांचा चेहरा मला बघवला नाही.

दादा, आता मी म्हणते, ये. बाबा म्हणतात, प्रसाद तुझ्या हातून घेतील. फादरनी त्यांना बजावलं आहे, "फार थांबू नका." बाबा म्हणाले, "तो येईल. त्याला गाडीला उशीर करायची सवय आहे, पण येतो."

धाकटी


२९ एप्रिल

दादा,

तू जाऊन तीन आठवडे झाले. तू इथे होतास तेव्हा जे बोलता आलं नाही, ते लिहिते.

तू आलास तेव्हा बाबांना बोलताही येत नव्हतं नीट. मी दार लावून बाहेर बसले. पाऊण तास. आतून एकदाच हसण्याचा आवाज आला, कोणाचा ते कळलं नाही. मग तू दार उघडून मला आत घेतलंस, त्यांनी प्रसाद घेतला, मी पाण्याचा चमचा धरला. चौथ्या दिवशी सकाळी ते गेले. हे सगळं तू पाहिलंस, पण त्यांच्या अंत्यविधीच्या प्रार्थनेला, मिस्सेला, तू वेदीवर होतास, म्हणून तुला मागचं दिसलं नसेल. लॉजमधले अकरा जण आले होते. कोणाच्या अंगावर एप्रन नाही, काही नाही, साधे कोट. ते मागे उभे राहिले, बसले नाहीत. शवपेटी बाहेर काढताना एका बाजूला माणूस कमी पडला. नवे फादर क्षणभर थांबले आणि लिफ्टवाल्या काकांकडे बघून मान हलवली. काकांनी खांदा दिला. घरी गेल्यावर चर्चमधल्या दोन बायका नाराज झाल्या. होऊ देत.

त्याआधी, शनिवारी, मी नव्या फादरकडे पापनिवेदनाला गेले होते. त्यांनी विचारलं, "ज्यांना सांगायचं, त्यांना सांगितलंत?" म्हटलं, "हो." पुढचं तुला सांगायची गरज नाही. बाबांच्या मिस्सेत मी उठले. तुझ्यासमोर येऊन उभी राहिले आणि तुझ्या हातून प्रसाद घेतला.

आता स्टेशनवरचं. गाडी यायला आठ मिनिटं होती आणि तू म्हणालास, "मला तेव्हाच माहीत होतं. त्या रविवारच्या आदल्याच दिवशी थोरल्या फादरनी मला ते पत्र दाखवलं होतं. तुझं अक्षर मी ओळखणार नाही का?"

मी विचारलं, "मग बोलला का नाहीस?"

तू म्हणालास, "मी तर जाणारच होतो. तुला त्या घरात राहायचं होतं."

मग गाडी आली आणि तू चढलास. फार भल्या माणसासारखा दिसत होतास खिडकीत. मी हात हलवला. घरी येऊन मी मागच्या खोलीत एक जुना साचा जमिनीवर आपटला. प्लास्टर किती लांबवर जातं, ते झाडताना कळलं.

दादा, तू माझ्यावर उपकार केलेस, हे मला माहीत आहे. पण तू मला विचारलं नाहीस. तू दोन ओळी लिहिल्या असत्यास, "मला माहीत आहे, तू सांग," तर मी एकविसाव्या वर्षीच सांगून मोकळी झाले असते, आणि बाबांनी महिनाभर ओरडून संपवलं असतं. तू तुझ्या त्यागाला गुपचूप कवटाळून बसलास, मी माझ्या पापाला, आणि बाबा मधल्यामध्ये खोट्यावर रागावत आणि खोट्यावर माया करत म्हातारे झाले. लॉजला नावं ठेवायला आपण दोघं कोण रे?

हे वाचून तू लगेच उत्तर देशील आणि माफी मागशील. नको मागूस. तू फार लवकर माफी मागतोस आणि मग समोरच्याला काही बोलता येत नाही. मला तुझ्यावर रागवायचं आहे, नीट, समोरासमोर, तू उठून जाणार नाहीस अशा बेताने. त्यासाठी माणूस घरात लागतो.

तुझी खोली मी झाडून ठेवली आहे. जून महिन्यात तुझी सुट्टी असते, असं नवे फादर म्हणाले. पंधरा दिवस तरी ये.

तुझी धाकटी